दोष, प्रक्षेप आणि अवशेष : ‘पोकेमॉन’ या खेळाच्या आद्य पाठाची चिकित्सा

१

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा उजेडात आला. तेरा हजारांहून अधिक संख्येची ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. परंतु त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नहपानाचे मुख आणि त्याच्या भोवतीची अक्षरे पुरती पुसली गेलेली नाहीत. त्यांच्याच अंगावर सातवाहनांचे पर्वतचिन्ह आणि उज्जयिनी-चिन्ह उमटले आहे. असे नाणे वाचणाऱ्यास एकाच चकतीवर दोन राजांचे लेख वाचावे लागतात. त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, तो क्षहरात वंशाच्या उच्छेदाची घोषणा करतो. पण प्रशस्तीतील त्या घोषणेला भक्कम आधार मिळाला तो या दुहेरी ठशांचा. टांकसाळीच्या दृष्टीने जे नाणे विद्रूप, तेच इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलके ठरले.

हे उदाहरण आरंभी घेण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या खेळातही एकाच जागी दोन लेख उमटल्याने निर्माण झालेली एक विद्रूप आकृती आहे, आणि ती त्या खेळाची सर्वांत प्रसिद्ध आकृती होऊन बसली आहे. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ ऊर्फ ‘पोकेमॉन’ हा तो खेळ होय. त्यातील विक्षेप, गफलती आणि गुप्त गोष्टी यांविषयी रसिकांनी विपुल लिहिले आहे. तथापि त्या लेखनात बहुधा नवलाईच्या गोष्टींची यादीच आढळते. गणनेतील चूक, कर्त्याने मागाहून घातलेली भर, टाकून दिलेल्या मजकुराचे उरलेले तुकडे आणि निव्वळ आवई या चारही गोष्टी तेथे एकाच पंक्तीस बसतात. त्यांचा विवेक केल्याशिवाय, दोष हा कृतीचा भाग मानावा की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

खेळ हा पाठचिकित्सेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त सोमेश्वराने क्रीडा आणि विनोद यांना ग्रंथाचे स्वतंत्र भाग दिले, एकोणिसाव्या शतकात औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा यांनी ‘क्रीडाकौशल्य’ रचले. म्हणजे खेळ हा शास्त्रीय विवेचनाचा विषय होण्यास आपल्याकडे पूर्वाधार आहे. शिवाय संगणकीय खेळ हा तर शब्दशः लिखित ग्रंथ असतो. त्याची आज्ञावली अंकांच्या रूपाने अक्षरन् अक्षर नोंदलेली असते आणि एका आवृत्तीची प्रत्येक प्रत दुसरीशी तंतोतंत जुळते. पोथ्यांच्या परंपरेत पाठभेद होतो तो नक्कल करताना. लेखनिकाची दृष्टी ढळते, ओळ गळते, समासातील टीप मूळ मजकुरात शिरते. येथे नक्कल निर्दोष आहे. चूक घडते ती वाचनाच्या वेळी. यंत्र तोच पाठ वाचते, पण भलत्या जागी वाचते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा प्रकार नवीन आहे, आणि म्हणूनच अभ्यसनीय आहे.

२

या खेळाचा जनक ताजिरी सातोशी याचे बालपण टोकियोजवळील माचिदा येथे कीटक गोळा करण्याच्या छंदात गेले. १९८३ साली त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे एक हस्तलिखित नियतकालिक काढले. त्यात नाणी टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील खेळांच्या युक्त्या, त्यांतील लपलेल्या जागा आणि खुब्या यांची चर्चा असे. पुढे त्याच नावाची खेळ तयार करणारी संस्था निघाली. हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. ज्याने पुढे हा खेळ रचला तो मुळात दुसऱ्यांच्या खेळांचा टीकाकार होता. दाखविलेल्या खेळामागे न दाखविलेला खेळ असतो, हा त्याचा आवडता सिद्धांत होता. भाष्यकार ग्रंथकार झाल्यावर त्याच्या ग्रंथात भाष्याला आमंत्रण देणाऱ्या जागा आढळाव्यात, यात आश्चर्य नाही.

सुमारे सहा वर्षांच्या परिश्रमानंतर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये या खेळाच्या ‘लाल’ आणि ‘हिरवी’ या दोन आवृत्त्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरावयाच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेत ‘लाल’ आणि ‘निळी’ या नावांनी इंग्रजी आवृत्त्या सप्टेंबर १९९८ मध्ये आल्या. खेळाडूने गावोगाव हिंडावे, उंच गवतात शिरावे, तेथे अवचित भेटणारे विचित्र प्राणी पकडावेत, वाढवावेत आणि त्यांची सूची पूर्ण करावी, हे या खेळाचे कथासूत्र होय. भारतात २००३ पासून दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या मालिकेमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. महाराष्ट्रातील पुष्कळशा मुलांना मूळ खेळाआधी त्याची चित्रेच परिचित झाली.

‘गेम बॉय’ हे १९८९ सालचे यंत्र. त्याची कामापुरती स्मृती अवघी ८ किलोबाइटांची होती. दीडशेहून अधिक प्राणी, त्यांची बलाबले, नकाशे आणि संवाद एवढ्या प्रपंचाला ही जागा फारच अपुरी. त्यामुळे एकच जागा निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामासाठी वापरणे रचनाकारांना भाग पडले. नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा जुन्यांवरच ठसा मारणे सोयीचे, असा विचार सातवाहनांच्या टांकसाळीत झाला असावा असे मानता येते. तद्वत येथेही जुना लेख पुसण्याऐवजी त्यावर नवा लेख उमटविण्याची रीत अवलंबिली गेली. एक भेद मात्र विसरता कामा नये. सातकर्णीचा ठसा हेतुपूर्वक मारलेला होता. खेळातील दुहेरी लेख हा काटकसरीचा अनपेक्षित परिणाम आहे.

३

या दुहेरी लेखाचे सर्वांत प्रसिद्ध फल म्हणजे ‘मिसिंगनो’ ही आकृती होय. ‘गाळलेला क्रमांक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा हा संक्षेप आहे. जपानी आवृत्तीतील रिकाम्या जागांनाही त्याच अर्थाचे ‘केत्सुबान’ असे नाव आहे. इंग्रजी आवृत्तीत ही आकृती प्रकट करण्याची जी रीत प्रचलित झाली, तिचे स्वरूप असे.

विरिडियन नावाच्या गावी एक म्हातारा खेळाडूला प्राणी पकडण्याचे प्रात्यक्षिक दाखवितो. त्या प्रात्यक्षिकापुरते पडद्यावर खेळाडूच्या नावाऐवजी म्हाताऱ्याचे नाव यावे लागते. म्हणून यंत्र खेळाडूचे नाव तात्पुरते दुसरीकडे हलविते. ही दुसरी जागा म्हणजे गवतात भेटणाऱ्या प्राण्यांची यादी ज्या ठिकाणी मांडली जाते तीच होय. एरवी याने काही बिघडत नाही, कारण गवत असलेल्या पुढच्या प्रदेशात पाऊल टाकताच तेथील यादी त्या नावावर उमटते आणि नाव नाहीसे होते. परंतु खेळाडू तेथून उडत थेट सिनबार नावाच्या बेटावर गेला आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यालगत पाण्यातून ये-जा करू लागला, तर निराळेच घडते. त्या बेटाला गवतातील प्राण्यांची स्वतःची यादी नाही. किनाऱ्याच्या त्या पट्टीवर मात्र यंत्र गवताचीच यादी वाचते. यादीच्या जागी अद्याप खेळाडूचे नाव असते. यंत्र ते नाव प्राण्यांची यादी समजून वाचू लागते.

यादीची रचना ठरलेली आहे. पहिला अंक भेटीच्या वारंवारतेचा. त्यानंतर पातळी आणि प्राणी अशा जोड्या. त्यामुळे नावाचे दुसरे, चौथे व सहावे अक्षर पातळी ठरविते, आणि तिसरे, पाचवे व सातवे अक्षर प्राणी ठरविते. अक्षरांना अंकमूल्य देऊन वाचण्याची रीत आपल्याकडील कटपयादी पद्धतीने परिचित आहे. पण तेथे कवी जाणूनबुजून अक्षरांत अंक दडवितो, येथे अजाण यंत्र अक्षरांनाच अंक समजते. इंग्रजी वर्णमालेतील मोठ्या अक्षरांची मूल्ये या खेळात १२८ पासून सुरू होतात. म्हणून जेथे पातळीची मर्यादा १०० आहे तेथे सव्वाशेच्या वरच्या पातळीचे प्राणी भेटतात. नाव चार किंवा सहा अक्षरांचे असेल, तर नाव संपल्याची जी अंतस्थ खूण, तीच प्राण्याच्या जागी पडते. त्या खुणेचे मूल्य ८० असून प्राण्यांच्या अंतर्गत सूचीत ८० व्या स्थानी कोणीही नाही. त्या रिक्त स्थानातून ‘मिसिंगनो’ उभा राहतो. कोऱ्या जागेचे चित्र काढण्याची आज्ञा मिळाल्यावर यंत्र भलताच मजकूर चित्र म्हणून उलगडते, आणि उलट्या काटकोनासारखा ठिपक्यांचा एक पुंज पडद्यावर येतो.

येथे वाचकाचे नावच पाठाचा भाग झाले आहे, ही गोष्ट समीक्षकाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. वाचक पाठाचा अर्थ पुरा करतो हे साहित्यशास्त्रात अनेकदा सांगितले जाते, परंतु ते लाक्षणिक अर्थाने. या किनाऱ्यावर ते अक्षरशः खरे ठरते. दोन मुलांची नावे निराळी, म्हणून त्यांना भेटणारे प्राणीही निराळे. नावात इंग्रजी लिपीतील लहान डब्ल्यू, एक्स किंवा वाय ही अक्षरे योग्य स्थानी असल्यास ठिपक्यांच्या पुंजाऐवजी अनुक्रमे दोन जीवाश्मांचे सांगाडे आणि एक भूत यांची रूपे दिसतात.

४

या भेटीचे दोन परिणाम होतात, आणि त्या दोहोंची उपपत्ती स्मृतीच्या मांडणीतच आहे. खेळाडूने कोणते प्राणी पाहिले याची नोंद प्रत्येकी एका बिटात ठेवली जाते. १५१ प्राण्यांना १९ बाइट पुरतात. नोंद करताना यंत्र प्राण्याच्या क्रमांकातून एक वजा करते. ‘मिसिंगनो’चा सूचीक्रमांक शून्य. एका बाइटाच्या या गणनेला ऋण संख्या ठाऊक नसल्याने शून्यातून एक वजा केल्यावर २५५ उरतात. शून्यापासून मोजले असता २५५ वी खूण एकोणीस बाइटांची हद्द ओलांडून पलीकडच्या नोंदीत पडते. ही पलीकडची नोंद म्हणजे खेळाडूची पिशवी. पिशवीतील वस्तूंच्या संख्येचा एक बाइट, मग प्रत्येक वस्तूचे दोन बाइट, असे मोजत गेल्यास ती खूण नेमकी सहाव्या वस्तूच्या नगसंख्येवर, तिच्या सर्वांत मोठ्या स्थानावर येते. त्या स्थानाचे मूल्य १२८. म्हणून पिशवीतील सहाव्या वस्तूचे नग एकदम १२८ ने वाढतात.

दुसरा परिणाम हानीचा आहे. त्या निरर्थक चित्राचा विस्तार चित्रासाठी राखलेल्या जागेत मावत नाही. तो शेजारच्या जागेवर सांडतो. तेथे विजयी खेळाडूंच्या गौरवस्थळाची नोंद असते, ती विस्कटते. निन्टेन्डोच्या नियतकालिकाने १९९९ साली या आकृतीपासून दूर राहण्याचा इशारा दिला होता. मुलांनी तो मानला नाही, कारण सहाव्या जागी दुर्मिळ वस्तू ठेवून ती विपुल करण्याचा लोभ मोठा होता.

या लोभाची दखल घेणे आवश्यक आहे. ‘मिसिंगनो’ची कीर्ती अज्ञाताच्या विस्मयामुळे झाली असे म्हणणे अर्धसत्य होईल. बहुसंख्य खेळाडू त्या किनाऱ्यावर गेले ते फायद्यासाठी. परंतु तेवढ्यावरून त्या आकृतीचे कलात्मक मूल्य नाकारता येत नाही. यात्रेला जाणारा नवस फेडण्यास जातो. तरी परत आल्यावर तो सांगतो ती देवस्थानाची गोष्ट. खेळाडूंनी मागे जी परंपरा ठेवली, तीत वस्तूंच्या नगांपेक्षा त्या आकृतीचे वर्णनच अधिक आहे.

५

दुसरा वर्ग प्रक्षेपाचा. त्याचे शुद्ध उदाहरण म्हणजे ‘म्यू’ हा १५१ वा प्राणी. मूळ योजना १५० प्राण्यांची होती. खेळ तपासून पुरा झाल्यावर तपासणीसाठी घातलेली साधने काढण्यात आली, तेव्हा सुमारे ३०० बाइटांची जागा मोकळी झाली. खरे म्हणजे त्यानंतर पाठाला हात लावणे निषिद्ध होते. तथापि मोरिमोतो शिगेकी या रचनाकाराने त्या जागेत ‘म्यू’ बसविला. खेळाडूला तो कोणत्याही नियत मार्गाने सापडणार नव्हता. पुढे आज्ञावलीतील एका गफलतीमुळे तो काहींच्या दृष्टीस पडला आणि वदंता पसरली. तेव्हा १९९६ मध्येच ‘कोरोकोरो कॉमिक’ या मासिकातून वीस वाचकांना ‘म्यू’ देण्याची योजना जाहीर झाली. तिला ७८,००० अर्ज आले.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-संशोधनाशी परिचय असणाऱ्यास येथे एका गोष्टीची आठवण होईल. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी सिद्ध केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित आवृत्तीत, जे १९३३ साली पूर्ण झाले, गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ पाठात नाही. हस्तलिखितांचा आधार अपुरा ठरल्याने ती परिशिष्टात गेली. तरीही महाभारताविषयी एकच गोष्ट ज्याला ठाऊक असते त्याला बहुधा हीच ठाऊक असते. प्रक्षेपाने मूळ ग्रंथाला झाकून टाकावे, हा परंपरेचा जुना अनुभव आहे. ‘म्यू’ची स्थिती मात्र थोडी निराळी आहे. तो कर्त्याच्याच हातचा प्रक्षेप असून मूळ पाठात त्याच्यासाठी आधार आहे. सिनबार बेटावरील पडक्या वाड्यात ज्या रोजनिशीची पाने सापडतात, त्यांत दक्षिण अमेरिकेतील गयाना येथे ‘म्यू’ सापडल्याचा आणि त्याच्यापासून दुसरा प्राणी जन्मल्याचा उल्लेख आहे. म्हणजे नाव पाठात आहे आणि देह परिशिष्टात आहे. अशा प्रक्षेपाला केवळ बाह्य भर म्हणून बाजूला काढणे न्याय्य होणार नाही.

२००३ च्या सुमारास खेळाडूंमध्ये सर्वत्र प्रसृत झालेल्या एका युक्तीने या परिशिष्टाचे दारही उघडले. प्रतिस्पर्ध्याची दृष्टी पडते त्याच क्षणी उडून निघून जावे, मग दुसऱ्या एका प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे, आणि परत त्याच वाटेवर यावे. पुढील भेटीचा प्राणी ठरविणारी जागा आणि मागील झुंजीतील प्राण्याचा ‘विशेष’ हा गुण साठविणारी जागा एकच असल्याने, तो गुण २१ असेल तर सूचीतील २१ व्या स्थानाचा प्राणी समोर येतो. एकविसाव्या स्थानी ‘म्यू’ आहे. येथेही कारण तेच, एका चकतीवरील दोन ठसे.

६

तिसरा वर्ग अवशेषांचा. प्राण्यांच्या अंतर्गत सूचीत १९० स्थाने आहेत. त्यांपैकी १५१ भरलेली, ३९ रिकामी. ही सूची दर्शनी क्रमाने लावलेली नाही, आणि रिकामी स्थाने शेवटी एकत्र नसून मधूनमधून विखुरलेली आहेत. रचनेच्या ओघात जे प्राणी कल्पिले गेले आणि टाकले गेले, त्यांच्या या जागा होत. लेणी पाहताना अर्धवट सोडलेल्या खोदकामावरून कारागिराच्या पद्धतीचे अनुमान करावे, तसे या रिकाम्या स्थानांवरून रचनाक्रमाचे अनुमान करता येते. प्राध्यापक ओक या वृद्ध गुरूशी झुंज घेण्याची सामग्रीही पाठात शिल्लक आहे. ६६ ते ७० पातळीचे त्याचे प्राणी सिद्ध आहेत. पण तेथपर्यंत नेणारी वाट कथेत ठेवलेली नाही. गुरूवर शस्त्र उचलण्याचा प्रसंग कर्त्यांनी आधी योजिला आणि मग गाळला, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. तो का गाळला, याविषयीचे तर्क हे तर्कच समजावेत.

चौथा वर्ग लोकपाठाचा. बंदरावर जहाजाशेजारी एक मालमोटार उभी दिसते. खेळात अन्यत्र तशी मोटार नाही आणि तिचे काही प्रयोजनही सांगितलेले नाही. ती हलविली की खाली ‘म्यू’ सापडतो, अशी कथा मुलांत सर्वत्र पसरली. पाठात तिला तिळमात्र आधार नाही. मोटार हलतच नाही. परंतु ही कथा पुढे पाठावर परिणाम करून गेली. २००४ साली निघालेल्या ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ या पुनर्रचित आवृत्त्यांत त्या मोटारीपाशी खाण्याची एक वस्तू लपवून ठेवलेली आहे. वदंतीची कर्त्यांनी घेतलेली ही दखल होय. कीर्तनातील आख्यान पोथीत शिरावे, तसा हा प्रकार आहे.

७

या वर्गीकरणानंतर मूळ प्रश्नाकडे वळता येते. दोष कृतीचा भाग केव्हा होतो? भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मतेने केला आहे. मम्मटाने दोषाचे लक्षण मुख्य अर्थाच्या हानीवरून केले, शब्दाच्या बाह्य वैगुण्यावरून नव्हे. त्याच्याही आधी आनंदवर्धनाने काही दोष अनित्य असतात हे दाखवून दिले. कर्णकटू वर्ण शृंगारात दोष होतात. रौद्रात तेच उपकारक ठरतात. ही कसोटी प्रस्तुत खेळास लावून पाहावी.

‘फोकस एनर्जी’ नावाच्या एका कृतीने मर्मी घाव बसण्याची शक्यता चौपट व्हावयास हवी. गणनेतील चुकीने ती चौथाईवर येते. अचूक म्हणविणारा वारही २५६ पैकी एकदा चुकतो, कारण ० ते २५५ पैकी निघालेली संख्या २५५ हून कमी आहे काय एवढेच यंत्र पाहते आणि खुद्द २५५ निघाल्यास वार वाया जातो. मानसशक्तीचे प्राणी भुतांना भितात असे खेळातील पात्र सांगते. प्रत्यक्षात भूतवर्गाच्या वारांचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. त्रिरश्मीवरील प्रशस्ती आणि जोगलटेंभीची नाणी परस्परांस दुजोरा देतात. येथे पात्राची उक्ती आणि यंत्राची कृती परस्परविरुद्ध आहेत. खेळाडूने नियम समजून घ्यावेत आणि त्यांच्या आधारे जिंकावे, हा झुंजीचा मुख्य अर्थ. वरील तिन्ही चुका त्या अर्थाचीच हानी करतात. त्यांना नित्य दोष म्हणावे लागेल. कोणत्याही रसिकपरंपरेने त्यांची गोष्ट केली नाही, हेही त्याचे एक गमक आहे.

‘मिसिंगनो’चे तसे नाही. या खेळाचा प्रधान भाव झुंज हा नसून शोध हा आहे. पुढच्या पावलाला गवतातून काय निघेल, सूचीतील रिकाम्या जागी कोण असेल, या उत्कंठेवर त्याची उभारणी आहे. ‘मिसिंगनो’ त्या उत्कंठेला सर्वांत टोकाचे उत्तर देतो. सूचीत ज्याला स्थानच नाही असा प्राणी भेटतो. शिवाय तो भेटतो कोठे हेही पाहण्यासारखे आहे. सिनबार बेटावरच पडका वाडा आहे. तेथील प्रयोगशाळेतच जीवाश्मांना पुन्हा जिवंत केले जाते. आणि ‘मिसिंगनो’ची दोन रूपे जीवाश्मांच्या सांगाड्यांचीच आहेत. फसलेल्या निर्मितीची कथा सांगणाऱ्या बेटाच्या किनाऱ्यावर एक फसलेली निर्मिती उभी राहते. हा योगायोग आहे; त्यामागे कर्त्याचा हेतू शोधणे चुकीचे होईल. पण हेतू नसतानाही प्रधान भावाशी जो दोष संवादी ठरतो आणि ज्याचा प्रत्यय कोणालाही पुनःपुन्हा घेता येतो, तो अनित्य दोष होय. त्याला कृतीचा भाग मानण्यास प्रत्यवाय नसावा.

या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. संवादित्व ठरवावयाचे कोणी? रसिकाला जे आवडले ते कृतीचे, असा तर याचा अर्थ होणार नाही? तसा तो होत नाही, याचे प्रमाण मालमोटार होय. ती कथा ‘मिसिंगनो’इतकीच लोकप्रिय आणि शोधाच्या भावाशी तितकीच संवादी होती, परंतु मूळ पाठात तिचा प्रत्यय कोणालाही येत नाही. म्हणून तिचे स्थान लोकपाठात राहते. आवड आणि पाठाधार हे दोन्ही असल्याशिवाय दोषाला कृतीत प्रवेश नाही.

८

हा विवेक केवळ शास्त्रीय हौसेचा नाही. जुने खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा सिद्ध केले जातात, तेव्हा संपादकासमोर हाच प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. २००४ च्या पुनर्रचनेत म्हाताऱ्याच्या त्या जुन्या युक्तीला वाव उरला नाही. उलट २७ फेब्रुवारी २०१६ रोजी खेळाला वीस वर्षे झाली तेव्हा ‘थ्रीडीएस’ या यंत्रासाठी जो मूळ पाठ पुन्हा प्रसृत करण्यात आला, त्यात ‘मिसिंगनो’ जसाच्या तसा होता. मार्च २०२३ मध्ये त्या यंत्राचे विक्रीकेंद्र बंद झाले. दरम्यान रसिकांनी मूळ आज्ञावलीचे पृथक्करण करून तिचा वाचनीय पाठ सिद्ध केला आहे. त्यात दोष दुरुस्त करून टाकलेले नाहीत. दोष जागच्या जागी ठेवून त्यांची नोंद केली आहे. सुकथनकरांच्या संपादनपद्धतीतही संपादकाच्या रुचीनुसार पाठ सुधारण्याला थारा नव्हता. मिळेल तो प्राचीन पाठ वर आणि बाकीचे सर्व तळटीपांत व परिशिष्टांत, अशी ती शिस्त होती. विद्यापीठीय संस्कार नसलेल्या या वाचकांनी स्वतंत्रपणे तीच शिस्त गाठावी, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने कौतुकाने नोंदविण्यासारखी आहे.

मात्र पृथक्करणाने वाचतो तो पाठ. परंपरा वाचत नाही. मूळ खेळाच्या कार्ट्रिजमधील नोंदी एका लहानशा बॅटरीच्या आधारावर टिकतात. बॅटरी संपली की खेळाडूने दिलेले नाव, पकडलेले प्राणी आणि त्या किनाऱ्यावरच्या भेटीची खूण, सर्व पुसले जाते. ज्या मुलांनी ही युक्ती एकमेकांना तोंडी सांगितली ती आज प्रौढ आहेत. कोणी कोणाला सांगितले, सांगताना काय जोडले, कोणत्या भाषेत सांगितले, याची नोंद जवळजवळ कोठेही नाही. मराठी घरांत ही कथा पोहोचली असेल तेथे ती मराठीतच सांगितली गेली असणार. जपानी कर्त्याची, इंग्रजी आवृत्तीत उद्भवलेली आणि मराठीत सांगितलेली ही कथा लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा विषय होण्यास पूर्णपणे पात्र आहे. जात्यावरच्या ओव्या संकलित करण्यास उशीर झाला, तेव्हा किती गळाले याचा हिशेब नंतर लागला नाही. ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

जोगलटेंभीचा साठा ज्यांच्या हाती आला त्यांनी वरचा ठसा घासून नहपानाचे मुख स्वच्छ केले असते, तर नाणी अधिक देखणी झाली असती आणि इतिहास मुका राहिला असता. जुन्या खेळांच्या संपादकाने हे स्मरणात ठेवावे. नित्य दोषांची टीप द्यावी, प्रक्षेपाचा कर्ता सांगावा, अवशेषांना अवशेष म्हणावे, लोकपाठाचे परिशिष्ट जोडावे. आणि सिनबारच्या पूर्व किनाऱ्याला हात लावू नये.